शेवटचं अक्षर पी की टी

नाना, आज सकाळी लेकीने चहाचा कप माझ्या हातात देता देता पुन्हा सांगितलं, "आई, ती अक्षरं आता कोण बघतं? नाव टाकलं की कंपनी समोर येते." मी कप तेवढा खाली ठेवला. ती दुसरीत होती तेव्हा तुम्ही गेलात. तुमचं बोट धरून सिडकोतल्या गल्लीतून आइसफ्रूट आणायला जायची, एवढंच तिला आठवतं, आणि तरी वाक्य नेमकं तुमचं घेऊन आली आहे. फक्त तुम्ही ते चढ्या आवाजात म्हणायचात. तिला जे उत्तर दिलं नाही ते आता तुम्हाला देते. तुम्ही गेलात म्हणून आपलं हे भांडण मिटलं, असं मी कधीच धरलेलं नाही.

भांडण शेअर बाजारातल्या सिम्बॉलचं. कंपनीचं नाव लांबलचक असतं, म्हणून बाजार तिला इंग्रजी अक्षरांचं एक आखूड नाव देतो आणि खरेदी-विक्री त्या अक्षरांवर चालते. तुम्ही त्याला नंबरप्लेट म्हणायचात. "नंबरप्लेट बघून कोणी गाडी घेतं का गं? इंजिन बघायचं." आकड्यावर पैसे लावतो तो मटकेवाला आणि अक्षरांवर लावतो तो त्याचा शिकलेला भाऊ, असंही तुमचं एक होतं, आणि ते सांगून झालं की तुम्ही स्वतःच मोठ्याने हसायचात. मला त्याचं हसू तेव्हाही यायचं नाही.

तुम्ही अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होतात. शेजारच्या प्लॉटवर पंप बनवणारी कंपनी होती आणि तिच्यावर तुमचा जीव होता. सायकल लावताना, चहाला बाहेर आल्यावर, शिफ्ट सुटल्यावर तुम्ही तिच्या गेटकडे बघत उभे राहायचात. माल भरून टेम्पो निघतायत का, कामगारांचे गणवेश नवे दिसतात का, वॉचमन नीट बोलतो का, यावरून कंपनी कशी चाललीय ते ठरवायचात. रात्री जेवताना आम्हाला सांगायचात, "लय माल चाललाय त्यांचा. दिंडोरीकडं नव्या बागा लागतायत, पंपाबिगर कुणाचं भागत नाय." तुमचं ते बघणं खोटं होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. माणसांची पारख करतात तशी तुम्ही कंपनीची करायचात, आणि त्यात तुमचा हात धरणारं आमच्या ओळखीत कोणी नव्हतं.

त्या वर्षीचा बोनस ओट्याला जायचा होता. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा मधोमध खचला होता, पोळपाट ठेवलं की डुगडुगायचं, म्हणून आई त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालून पोळ्या लाटायची. तुम्ही म्हणालात, ओटा एक वर्ष थांबला तर काही बिघडत नाही, पंपवाल्यांचे शेअर घेऊ, त्यातून दोन ओटे होतील. आईने पुठ्ठ्याला आणखी एक घडी घातली. माझं डी.एड. झालं होतं आणि नेमणुकीची वाट बघत मी घरीच होते. इंग्रजी वाचायला कोणी असावं म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत.

मेनरोडच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्या दलालाचं ऑफिस. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो बघायलाही माणसं येऊन बसायची. तुम्ही कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीला कंपनीचं नाव सांगितलंत. तिने टाईप केलं आणि विचारलं, "काका, या नावाच्या दोन दिसतात. कुठली घेऊ?"

"अंबडची."

"इथे गाव येत नाही, काका. सिम्बॉल सांगा."

"सिम्बॉल-बिम्बॉल मला काय माहीत? नाव सांगितलं ना मी कंपनीचं?"

मी तुमच्या खांद्यावरून वाकून बघते. हिरव्या अक्षरांच्या दोन ओळी. पुढची सगळी अक्षरं सारखी, शेवटचं तेवढं वेगळं. वरच्या ओळीत टी, खालच्या ओळीत पी. "नाना, पी म्हणजे पंप असेल," मी म्हणते. "खालची असेल ती. विचारून तरी घेऊ." आणि तुम्ही वळता. बाकावर पाचसहा माणसं पेपर चाळत बसली आहेत, त्यांच्यासमोर म्हणता, "तू गप बस. मी ती कंपनी रोज डोळ्यांनी बघतो. तू मला अक्षरं शिकवते का आता?" मग पडद्यावर बोट टेकवून त्या मुलीला सांगितलंत, "ही. पहिली हाय ना, पहिलीच घे."

खाली उतरल्यावर तुम्ही मला भेळभत्त्याचा पुडा घेऊन दिलात. तुमची माफी मागायची ती पद्धत होती, हे मला ठाऊक होतं. मी तो घरी आणून आईला दिला, उघडला नाही.

काही महिन्यांनी कंपनीचा वार्षिक अहवाल पोस्टाने आला, गुळगुळीत कागदाचा, रंगीत. तुम्ही जेवायला बसला होतात. आईने पाकीट फोडलं, पहिल्या पानावरचा फोटो बघितला आणि म्हणाली, "अहो, यात पंप कुठाय? या तर भिंतीला लावायच्या फरश्या हायेत." तुम्ही अहवाल हातात घेतला, उलटसुलट केला, चष्मा काढून धोतराच्या—नाही, धोतर तुम्ही कधी नेसला नाहीत, टॉवेलाच्या टोकाने पुसला. त्याच घराण्याची ती दुसरी कंपनी होती, दूर कुठेतरी टाइल्स बनवणारी. तिचं गेट तुम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. चष्मा परत लावून तुम्ही म्हणालात, "हीच घ्यायची होती मला. लोक घरं बांधायची थांबणारेत का?"

 आई पोळपाटाखालचा पुठ्ठा सरळ करत म्हणाली, "मग दोन फरश्या ओट्याला धाडायला सांगा त्यांना."

मला हसू आवरलं नाही आणि तुम्ही ताटावरून उठलात. त्यानंतर आपल्या घरात पंप हा शब्द कोणी काढला नाही. त्या पंपवाल्या कंपनीचं पुढे फार चांगलं झालं, पेपरात वाचून सगळ्यांना कळत होतं. तुम्ही तिच्या गेटसमोर उभं राहायचं सोडलंत आणि सायकल दुसऱ्या रस्त्याने न्यायला लागलात. टाइल्सची कंपनी मात्र आजाऱ्यासारखी खंगत गेली आणि एक दिवस बाजाराने तिचे व्यवहारच बंद केले. पैशांचं मला फार वाटलं नाही, नाना. पैसे कोणाचेही जातात. मला राग याचा की सगळा फरक त्या एका अक्षरात होता, ज्याला तुम्ही हसत होतात, आणि तो दाखवणारं माणूस तुमच्या खांद्याशी उभं होतं. ते तुमची मुलगी होतं म्हणून तुम्हाला दिसलं नाही. हे मी आज लिहून टाकते, कारण तोंडावर म्हणायची हिंमत झाली तेव्हा तुमची तब्येत बोलण्यासारखी राहिली नव्हती.

पुढे मी दिंडोरी तालुक्यात शाळेवर लागले. पहिल्या पगारांतून ओटा केला, काळ्या ग्रॅनाइटचा. गवंडी गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात, ओट्यावरून तळहात फिरवलात आणि "गार लागतो" एवढंच म्हणालात. आईने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि तुम्ही नेहमीपेक्षा जास्त खाल्ल्यात.

शाळेत एका वर्षी चौथीच्या वर्गात एकाच नावाच्या तीन मुली होत्या. गाव लहान, त्यामुळे आडनावही तिघींचं एकच. हजेरी घेताना तिघी एकदम "हजर बाई" म्हणायच्या. मग मी त्यांना वडिलांच्या नावाच्या पहिल्या अक्षरासकट हाक मारायला लागले. 'र' म्हटलं की 'र'ची उठायची, 'भ' म्हटलं की 'भ'ची. मैदानावर एकमेकींनाही त्या तसंच बोलवायला लागल्या, वह्यांवर तेच अक्षर रंगवून काढायला लागल्या. 'र'च्या घरी आई आजारी आहे, 'भ'चा गुणाकारात हातचा का चुकतो, हे मला माहीत होतं. अक्षराने हाक मारली म्हणून त्यातलं काही मी विसरले नाही. तुम्ही मात्र आयुष्यभर असं बोललात की एक तर माणसाने कंपनी ओळखावी, नाही तर अक्षरं. दोन्ही का नाही, नाना? कंपनी कळल्याशिवाय शेअर घेऊ नये हे तुमचं मला मान्य आहे. नुसत्या अक्षरांमागे धावून बुडालेली माणसंही मी पाहिली आहेत, आमच्या शिक्षक कॉलनीतच. पण ओळखीचं माणूस गर्दीतून नेमकं बोलवायचं तर हाक लागते, आणि ती हाक दुसऱ्या कोणाला लागू होऊन चालत नाही.

हे आता मला जास्त पटायचं कारण माझे डोळे. रक्तातल्या साखरेने आतला पडदा खराब केला. कडेकडेचं दिसतं, मधोमध धूर. नोकरी त्यापायी लवकर सोडावी लागली. जे काही गाठीला आहे ते मी स्वतः सांभाळते, त्यातलं थोडं बाजारात आहे, आणि तो व्यवहार मी फोनवर करते. फोन मला वाचून दाखवतो. त्यातली बाई इंग्रजी नावं अशी काही उच्चारते की तुम्ही पोट धरून हसला असता, पण सिम्बॉलची तुटक अक्षरं ती स्वच्छ म्हणते. पी म्हणजे पी आणि टी म्हणजे टी. मी ऐकायचे, बोट टेकवायचे, काम व्हायचं. कोणाला हाक मारावी लागत नव्हती.

दिवाळीनंतर, ज्या दलाल कंपनीकडे माझं खातं होतं तिने ॲप नवं केलं आणि अक्षरं काढून टाकली. त्यांच्या जागी गोल चित्रं आली आणि पुढे नाव, तेही मावलं नाही की अर्ध्यात तोडलेलं. एका घराण्याच्या चार कंपन्या असतील तर चित्र चौघींचं एकच, आणि तोडलेलं नावही तेच. फोनमधली बाई चारदा तेच म्हणते आणि थांबते. मी लेकीला सांगितलं. ती पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते, तिला वाटलं मी उगाच अडून बसलेय. मी विचारलं, "तुमच्याकडे पेटीवर काय लावतात?"

"कोड लावतो."

"शेतकऱ्याचं नाव का नाही लावत?"

"आई, एकेका गावात त्या नावाचे चारचार शेतकरी असतात. बाहेरून तक्रार आली तर कुणाचा माल ते कळायला नको?"

"मग?"

ती म्हणाली, "ते वेगळं." तुमचीच नात आहे.

तरी एका शनिवारी रजा टाकून ती मला त्यांच्या कॉलेज रोडच्या शाखेत घेऊन गेली. गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण होता, बोलायला चांगला. त्याने पाणी मागवलं, माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आता सगळे नावावरूनच शोधतात. सिम्बॉल म्हणजे जुन्या लोकांची सवय आहे."

"मी जुनीच आहे," मी म्हटलं आणि त्या पंपवाल्या घराण्याच्या चारही कंपन्या उघडून माझा फोन त्याच्यापुढे ठेवला. "डोळे मिटा आणि यातली पंपाची कंपनी काढून द्या."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. लेक हळूच म्हणाली, "आई, चल ना." पण त्याने हसत डोळे मिटले, चारदा तेच नाव ऐकलं आणि एकीवर बोट टेकवलं. ती नेमकी पंपाचीच निघाली. "बघा मॅडम, जमलं की."

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा केलं तेव्हा भलतीच उघडली. तिसऱ्या वेळी तो बराच वेळ ऐकत बसला, आणि लेकच म्हणाली, "तुम्ही बघताय." त्याने एक डोळा किलकिला केला होता. तिथून पुढे तो हसला नाही. म्हणाला, वर कळवतो. तोवर फोन करून ऑर्डर देता येईल, त्याला वेगळा आकार पडतो. मी म्हटलं, "ज्याला दिसतं त्याला फुकट आणि ज्याला दिसत नाही त्याने जादा द्यायचे, हे तुम्हाला बरं वाटतं का?" तो म्हणाला, "मॅडम, नियम मी नाही केले." तेही खरंच होतं. पण म्हणून मी पैसे भरणार नव्हते. मी खातं दुसरीकडे हलवलं. त्या दुसऱ्यांचं ॲप जुनाट आहे, लेक त्याला सरकारी म्हणते, पण त्यात अक्षरं ठळक आहेत आणि सगळ्यात पुढे आहेत. फॉर्म तिनेच भरले, कुरकुरत.

सगळं हलवून झाल्यावर त्या तरुणाचा फोन आला. ॲपच्या सेटिंगमध्ये, खूप आत, सिम्बॉल दाखवायची सोय होती म्हणे. "मलाच माहीत नव्हतं, मॅडम. काल सापडलं म्हणून कळवतोय. परत याल का?" त्याने आपणहून कळवलं याचं मला बरं वाटलं आणि तसं मी त्याला सांगितलं. परत गेले नाही. त्याला म्हटलं, "माझ्यासारखं कोणी पुढे आलं तर पहिल्याच दिवशी दाखवा. शोधायला लावू नका." तो हो म्हणाला. करेल असं वाटतं.

सिम्बॉल म्हणजे दगडावरची रेघ आहे असं माझं म्हणणं नाही. कंपनीने नाव बदललं की अक्षरंही बदलतात, मग पुन्हा पाठ करावी लागतात. त्याहून पक्का असा एक लांबलचक नंबरही प्रत्येक शेअरला असतो, पण तो तोंडात बसत नाही. तोंडात बसेल इतकं लहान आणि दुसरीला लागू होणार नाही इतकं नेमकं असं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही. ज्यांना सापडलं असेल त्यांनी खुशाल टाकून द्यावं. मी टाकणार नाही.

आणि तुम्हीही टाकलं नव्हतंत. तुमच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार आहे. मी सिडकोत आले आहे, आई शेजारी हळदीकुंकवाला गेली आहे, तुम्ही बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून टीव्ही बघताय. आवाज बंद. खाली बाजाराच्या अक्षरांची पट्टी सरकतेय. तुम्ही पुढे वाकून ती पट्टी बघताय.

"काय बघताय, नाना?"

"आपलं येतं का बघतोय."

आणि तुम्ही त्या टाइल्सवाल्या कंपनीची अक्षरं म्हणालात. एकेक, न अडखळता, शेवटच्या टीपर्यंत. मी म्हटलं, "ती केव्हाच बंद झाली. पट्टीवर नाही येणार."

"म्हाईत हाय मला," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने म्हणालात, "तरी बघत होतो." मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पट्टी संपेपर्यंत आपण दोघं बघत राहिलो. तुम्ही चूक कबूल केलीत असं मी म्हणणार नाही, तुम्ही तशी केली नाहीच. पण जिचं गेट तुम्ही कधी पाहिलं नाही, जिचा एक कामगारही तुम्हाला कधी भेटला नाही, त्या कंपनीचं तुमच्याजवळ होतं काय तर तेवढी अक्षरं. आणि ती तुम्ही पाठ केली होती. म्हणून सांगते, त्यांना नंबरप्लेट म्हणू नका.

हे मी जाड स्केचपेनने लिहितेय, एका पानावर चारपाच ओळी मावतात, त्यामुळे पलंगावर पानंच पानं झाली आहेत. लेक विचारून गेली, एवढं कुणाला लिहितेस, टाईप करून पाठवून देऊ का. मी नको म्हटलं. पाठवण्यासारखं नाही, आणि तिने वाचावं असंही नाही, कारण एक गोष्ट तिला कळू द्यायची नाही. गेल्या आठवड्यात मी एका कंपनीचे शेअर घेतले. ती काय बनवते, कुठे आहे, कोण चालवतं, काही म्हणजे काही बघितलं नाही. फोनमधल्या बाईने तिची अक्षरं म्हटली आणि ती मला ऐकायला फार गोड वाटली. थोडेच घेतलेत, पण घेतलेत.